झाडीतले: शिंपी १, खाटीक १, सातभाई ५

ती. मामांना सादर नमस्कार, आणि तुमच्या उजव्या गुडघ्याला वेगळा.

पत्र लिहायला जवळजवळ वर्ष लागलं याबद्दल आधीच कान पकडतो. गुडघा कसा आहे? नवी वाटी आता आपली वाटते का, की अजून पाहुण्यासारखी बसली आहे? ताईने फोनवर मागे सांगितलं की तिच्या घरी तुम्ही भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जाता. ऐकून आनंद झाला. मग तिने सांगितलं की पुढच्या महिन्यात तुम्ही जिनाही चढाल असं डॉक्टर म्हणतात. तेव्हाही आनंद झालाच, पण जरा थांबून झाला. त्याचं कारण पत्राच्या ओघात येईल. आलं नाही तर ताजा कलम बघा.

मी इथे तीन महिन्यांसाठी आलो होतो हे तुम्हाला आठवत असेल. माझा कुठलाच मुक्काम त्याहून लांबलेला नाही (बोटीवर साडेतीन महिने होतो, पण त्यातले पंधरा दिवस बोट बंद पडली होती, म्हणजे ती चिकाटी बोटीची, माझी नव्हे). जाताना तुम्ही बस थांब्यावर उभं राहून मला कामाची सगळी माहिती दिलीत. मी ती मन लावून ऐकणारच होतो. पण समोरून एक माणूस सायकलवर कपाटाचा आरसा घेऊन चालला होता, त्या आरशात तुमची बस येताना दिसत होती, आणि ती खरोखरीची कुठल्या बाजूने येणार याचा मी विचार करत राहिलो. त्यामुळे तुमच्या सूचनांपैकी शेवटची तेवढी मला नीट ऐकू आली. तुम्ही बसच्या पायरीवर एक पाय ठेवून म्हणालात, "आणि आपण बघतोय हे त्यांना कळू देऊ नकोस." मामा, या एका वाक्यावर मी वर्ष काढलं.

खोली तुम्ही ठेवली तशीच आहे. खिडकीत तळं, खुंटीला दुर्बीण, टेबलावर वही. वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या हातच्या दोन याद्या. 'पाण्यातले' या यादीत बदकं, बगळे, पाणकोंबड्या, टिबुकल्या. तिथे काहीच अडचण नव्हती. ती पाण्यात होती आणि पाखरंच होती. 'झाडीतले' या यादीत मात्र शिंपी, खाटीक, धोबी, सातभाई, आणि प्रत्येकापुढे तुमचा एकेक शेरा. मी असं समजलो (आणि यात माझी फार चूक झाली असं मला अजूनही वाटत नाही) की पाण्यातले म्हणजे ज्यांची काळजी घ्यायची ते, आणि झाडीतले म्हणजे ज्यांच्यापासून घ्यायची ते. तळ्याकाठच्या झाडीत शिरून पाखरांना त्रास देणारी आसपासची माणसं. त्यांच्यावर नजर ठेवायची आणि कळू द्यायचं नाही. सुतारपक्षी मलाही माहीत आहे हो. पण तुम्ही शिंप्याच्या पुढे पक्षी लिहिलं नव्हतं. एवढी शाई वाचवून कुणाचं भलं झालं?

शेरेही असे की शंका येऊ नये. 'शिंपी: चणीने लहान, आवाज मोठा.' कोपऱ्यावरचे शिंपीकाका तुम्हाला ठाऊकच आहेत. उभे राहिले तरी मशीनच्या वर जेमतेम दिसतात, आणि माप घेताना आकडा असा ओरडतात की तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू येतो (त्यामुळे सगळ्या वस्तीला एकमेकांच्या कमरा पाठ आहेत). शिवाय रोज सकाळी ते झाडीत फिरायला येतात. 'खाटीक: डोळ्यांवर काळी पट्टी. मारलेलं टोचून ठेवतो. सावध असतो.' इथले मटणवाले जाड काळ्या काड्यांचा चष्मा लावतात, आणि त्यांच्या दुकानात आकड्यांना काय अडकवलेलं असतं ते सांगायला नको. दोन महिने मी त्यांच्या दुकानासमोर आलो की रस्ता ओलांडत होतो. 'धोबी: चालताना मागून सारखा हलतो. थंडीत येतो, ऊन वाढलं की जातो.' लाँड्रीवाले चालताना हलतात हे खरं, पण ऊन वाढलं तरी जाईनात. मी दोनदा सहज विचारून पाहिलं, यंदा कुठे जाणार नाही का म्हणून. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझे शर्ट इस्त्री न करता परत दिले. मी लिहिलं: धोबी, एक. चालताना हलतो, एरवी हलत नाही.

सातभाईंनी मला सर्वांत जास्त दमवलं. 'कायम घोळक्याने, अखंड कलकलाट,' असं तुम्ही लिहून ठेवलेलं, आणि सात भाऊ असलेलं घर इथे एकही नाही. टायरच्या दुकानात पाच आहेत. कलकलाटाला ते पुरेसे आहेत, प्रश्न फक्त संख्येचा होता. सहावा म्हणून ज्याला मोजत होतो तो मेहुणा निघाला. मेहुणा धरावा की नाही यावर मी आठवडाभर विचार केला आणि शेवटी लिहिलं: सातभाई, पाच. दोन गैरहजर. राहता राहिला 'पिल्लं' हा रकाना. त्यानेही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, कारण तुम्ही आमच्या आईलाही कायम "पिल्लं काय म्हणतायत?" असंच विचारता. शिंप्यापुढे मी लिहिलं: दोन. थोरलं चष्मा लावतं.

हळूहळू मला गोडी लागली. पावसाळ्यात शिंपीकाका आणि काकू यांचा छत्रीवरून वाद सुरू झाला (घरात छत्री एक, बाहेर जायची वेळ दोघांची एकच, आणि काका फाटक्या छत्र्या शिवून देतात, पण लोकांच्या). तो मी तारीखवार लिहीत गेलो. थंडीत बदकं उतरली. एका सकाळी चारशे बारा मोजली, मग कुत्रं भुंकलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. त्याच सकाळी मटणवाले काठावर एकटे बसून होते. मला वाटलं, बदकांवर डोळा आहे. पण ते बराच वेळ नुसते बसले आणि उठून गेले. तेही लिहिलं. तीन महिने कधी उलटले ते मला कळलं नाही, आणि पिशवी खाटेखालून काढायची राहिली ती राहिलीच.

मग ऊन तापायला लागल्यावर तुमच्या कचेरीतल्या बाई पाहणीला आल्या. पाण्यातल्यांची पानं वाचून त्यांनी मान डोलावली. झाडीतल्यांशी आल्या आणि थांबल्या. मग मोठ्याने वाचलं, "शिंपी, एक, दुकानाच्या पायरीवर. काकूंशी वाद. विषय छत्री." चष्मा काढून मला विचारलं, "हा शिंपी केवढा आहे?" मी हात माझ्या खांद्याच्या जरा खाली धरून दाखवला. बाईंनी एक हात वर केला आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यात बोटभर अंतर धरलं. काही वेळ आम्ही दोघं तसेच उभे होतो.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून एक लांब घडीचा कागद काढून टेबलावर पसरला. तुमचा तक्ता. बावीस वर्षं, सगळे ऋतू, एकही चौकट कोरी नाही. तो तुमच्या नावाने छापायचा आहे म्हणाल्या (हे तुम्हाला त्या स्वतः कळवणार होत्या, तेव्हा नवीन ऐकल्यासारखं करा). तेविसावी ओळ माझी. झाडीतल्यांची एका ऋतूची तरी खरी नोंद मिळाली तर ओळ धरता येईल, नाहीतर तक्ता तिथे तुटला असं लिहावं लागेल. आठ दिवस देते, म्हणाल्या. मामा, मला कामावरून काढलं असतं तर मी पिशवी उचलून निघालो असतो, त्याचा मला सराव आहे. पण गुडघा धरला त्या वर्षीच्याही चौकटी तुम्ही भरलेल्या होत्या. अक्षर थोडं तिरकं, एवढंच. ते बघून मला पिशवी उचलता येईना.

तीन दिवस झाडीत फिरलो. बोटभर पाखरू मुळात दिसत नाही, आणि मधेच मुंग्यांची एक रांग लागली ती कुठे जाते हे बघण्यात एक दुपार गेली. चौथ्या दिवशी ओरडण्याच्या मागे मागे जात मी शिंपीकाकांच्या दुकानाशेजारच्या झुडपात पोचलो आणि दुर्बीण लावून पोटावर पडलो. दुर्बीण दुर्दैवाने त्यांच्या खिडकीकडे होती. काकूंनी आत हाक दिली, "अहो, तो तळ्यावरचा आपल्या पाल्यात लोळतोय." मग सगळं सांगावं लागलं. काकांनी वही मागून घेतली आणि स्वतःच्या वर्षभराच्या नोंदी उभ्याने वाचल्या. मी मार खायच्या तयारीने उभा.

"बारा तारखेला मी भांडत नव्हतो," काका म्हणाले. "बोलत होतो."

"भांडतच होतात," काकू म्हणाल्या. "मुलगा बरोबर लिहितो."

"आणि ही सकाळ कोरी का?"

म्हटलं, त्या दिवशी तुम्ही दिसला नाहीत.

"ताप होता मला. ताप लिही."

मी ताप लिहिला. तेव्हा कुठे काकूंनी विचारलं की शोधतोयस काय, आणि मी पानं शिवणाऱ्या पाखराबद्दल सांगितल्यावर म्हणाल्या, ते होय, ते तर आपल्या मागच्या कुंडीत आहे, रोज ओरडतं, अगदी यांच्यासारखं. काकांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. मागच्या खिडकीला त्यांनी कापडाचे तागे लावून ठेवलेत. आम्ही तिघं पाय न वाजवता मागे गेलो. दोन रुंद पानं कडेने जोडून पिशवी केलेली, आत तीन पिल्लं (एकालाही चष्मा नाही). काकांनी चष्मा नाकावर चढवला आणि पाखरू उडून गेलेलं बघून पान न हलवता टाके तपासले. टाका लांब घातलाय, म्हणाले. मग थोड्या वेळाने, पण दोरा ओढलेला नाही, कापड कुठे चुरगळत नाही. मग एकदम आणखी खाली वाकले. एका टाक्यात निळा दोरा होता. "हा माझा आहे," ते म्हणाले, "शाळेच्या गणवेशाचा." झाडताना मागच्या दाराबाहेर टाकलेले तुकडे. त्या दिवसापासून पिल्लं उडेपर्यंत त्यांनी गिऱ्हाइकांची मापं कुजबुजून घेतली. वस्तीतले लोक येऊन काकूंना विचारून गेले, घशाचं काही निघालं का म्हणून.

एकदा डोळ्यांना सवय लागली आणि मग बाकीचे आपणहून दिसू लागले. खाटीक दाखवला मटणवाल्यांनीच. काठावर ते रोज त्याच्यासाठी बसतात. काटेरी कुंपणावर टोळ टोचून बसलेला दाखवून मला हळूच म्हणाले, "चष्मा बघ त्याचा. माझ्यासारखाच." धोबी, शून्य, ऊन वाढल्यामुळे गेले (लाँड्रीवाले आहेत). सातभाई टायरच्या दुकानाच्या पत्र्यावर सापडले. मोजले तर नऊ. बहुतेक मेहुणे धरून.

आठव्या दिवशी बाई आल्या, कुंडीशी वाकून बघितलं, ओळ भरली, सही केली. आधीच्या चौकटींत रेघ मारली, पण ओळ राहिली. माझी आधीची पानं फाडायला सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त वर एक तिसरा मथळा लिहायला लावला, 'काठावरचे'. दारापर्यंत गेल्या आणि वळून विचारलं, "छत्रीचं पुढे काय झालं?" म्हटलं, चालू आहे.

ताईला नमस्कार, पिल्लांना आशीर्वाद. पायाला जपा.

तुमचा भाचा,
(अजून इथेच)

ता. क. दुर्बिणीचा पट्टा तुटला होता. कसा, ते विचारू नका. काकांनी शिवून दिला आहे. निळ्या दोऱ्याने.

दुसरा ता. क. आता कारण. डॉक्टरांचं ऐकून तुम्ही घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. बावीस वर्षं त्या गुडघ्याने तुम्हाला तळ्याभोवती फिरवलं, आता एखादं वर्ष ताईच्या गॅलरीत बसू द्या. जिना कुठे पळून जातो आहे? तुम्ही परत आलात की मला निघावं लागेल, आणि धोबी थंडीत खरंच येतात का ते मला बघायचं आहे.

तिसरा ता. क. दुसरा ता. क. वाचून झाला असेल तर विसरा. तुम्ही या. फक्त मला घालवू नका. खोलीत दोन खाटा मावतात. काकांनी काल माप घेतलं, आणि पिल्लं उडाल्यामुळे आता ते पुन्हा मोठ्याने घेतात, त्यामुळे तुम्ही येणार हे सगळ्या वस्तीला कळलं आहे. मटणवाल्यांनी काठावर आपल्या शेजारी, टेकायला झाड येईल अशी, एक जागा तुमच्यासाठी बघून ठेवली आहे. 'काठावरचे' या पानावर मीही एक ओळ सोडली आहे: मामा, एक, काठीसह. आपण बघतोय हे कळू द्यायचं नाही असं तुम्हीच शिकवलंत, म्हणून वाट बघतोय हेही कळू न देता लिहायचं ठरवलं होतं. जमलं नाही.