गोष्ट निवडा, बटण दाबा

प्रिय ठमाबाई,

तुझं ते गोष्टी सांगायचं सॉफ्टवेअर तीन आठवड्यांपूर्वी उघडलं. तू पाठवल्यापासून चार वर्षं ते तसंच पडून होतं. आता उघडलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. जपानी गोष्टीवाले सायकलवर लाकडी चौकट घेऊन फिरायचे, एकेक चित्र बाजूला सरकवत गोष्ट सांगायचे, त्यांच्यावरून हे सुचलं, असं पहिल्याच पानावर लिहिलंयस. सुचायला जपानपर्यंत कशाला गेलीस? बालवाचनालयात तीस वर्षं तसलीच चौकट मांडून तुझा मामा उभा होता, आणि चित्रं सरकवायला त्याच्या शेजारी तूच असायचीस.

'सुरुवात कशी कराल' या पानावर पहिली पायरी, गोष्ट निवडा. दुसरी, चित्रं जोडा. तिसरी, आवाज भरा. मिक्सरच्या माहितीपत्रकातसुद्धा याहून जास्त जीव असतो. चित्र अर्धंच सरकवून थांबायचं, वाघाची नुसती शेपटी दिसली की पोरं पुढे सरकतात, त्यांचे चेहरे बघून मग उरलेलं ओढायचं, हे मी तुला शिकवलं होतं. तुझ्याकडे त्यासाठी 'विराम: दोन सेकंद' आहे. समोरचं पोर रडतंय की पेंगतंय, त्याच्याशी या यंत्राला देणंघेणं नाही. आणि गोष्ट संपली की ते स्वतःच स्वतःसाठी टाळ्या वाजवतं. निर्लज्जपणाची कमाल आहे. त्या टाळ्या बंद कशा करायच्या, हे शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली.

एकदा चौथ्या चित्राला पहिल्याचा आवाज चिकटला. राजकन्या कोल्ह्याच्या आवाजात बोलायला लागली. मी टेबलावर हात आपटला तर तुझी मामी आतून म्हणाली, "शिव्या बटणाला देताय की भाचीला?" मी म्हटलं, दोघांनाही. ती म्हणाली, "मग जरा हळू द्या, घसा जपा."

वाचनालयाच्या कार्यक्रमात सगळ्यांदेखत मी म्हणालो होतो, की माझी भाची जिवंत गोष्टींत पेंढा भरून त्या कपाटात ठेवायला निघालीये. तू पर्स उचललीस आणि गेलीस, ती आजतागायत फिरकली नाहीस. ते मत मी मागे घेत नाही, तीन आठवड्यांनी तर ते आणखी पक्कं झालंय. पण चारचौघांत बोलायला नको होतं, एवढं कबूल.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. बसलेला घसा महिनोन्‌महिने सुटेना, म्हणून डॉक्टरांकडे गेलो तर गाठ निघाली. येत्या बुधवारी स्वरयंत्र काढणार आहेत. म्हणून तुझ्या यंत्राशी झटापट करून अकरा गोष्टी भरून ठेवल्यात. आवाज खरखरीत आहे, मधेमधे खोकला आहे, तो साफ करायला जाऊ नकोस. बारावी भरलेली नाही. तू दोन वर्षांची असताना तुझी आई गेली. ती कशी होती, असं तू विचारायचीस आणि मी दर वेळी विषय बदलायचो. बहिणीबद्दल बोलायला गेलो की मला रडू फुटायचं, आणि ते तुला दिसायला नको होतं. आता दिसलं तरी चालेल. ती गोष्ट मी बटण दाबून सांगणार नाही. मंगळवारच्या आत ये.

तुझाच तोंडाळ,
मामा