एकच ड्रायव्हर

शुक्रवार, संध्याकाळ. नारायणगाव.

जमलं! कांतीशेठच्या बियाण्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचं वायफाय चाललं एकदाचं. आठवडाभर डोकं खाल्लं त्यानं. एका सकाळी हिरवा दिवा लागायचा, दुसऱ्या सकाळी नाही. आज तर शेठनी सुनावलंच, उद्या मशीन पुण्याला नेतो म्हणून. मग माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात कोण आलं असतं?

भानगड साधी होती. त्या वायफायला चालणारे दोन ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारे प्रोग्राम, एक जुना, एक नवा. लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बनवताना मी एकच निवडणार होते. तर शेठ म्हणाले, "दोन्ही राहू दे, ताई. एक नाय चालला तर दुसरा हाय." त्यांच्याकडे सगळंच जोडीनं, वजनकाटेसुद्धा दोन. आणि मी ऐकलं! का ऐकलं? रोज मशीन चालू झालं की वायफाय पकडायला दोघांची पळापळ. जुना आधी पोचला की दिवा गुल.

आज जुन्याला काढून टाकलं, कर्नल कंपाइल करून नव्यानं बनवलं. हिरवा दिवा. बंद करून परत चालू केलं. हिरवाच!

शेठ दिव्याकडे बघतच राहिले. "लई भारी! पण तो दुसरा कुठंतरी ठेवलाय ना?"

"नाय ठेवला, शेठ."

काय गोड वाटलं म्हणताना!