रूपेशची पाठ

चि. बाबाजी, तुला सिंगापूरहून ताईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. आपला रूपेश इथल्या युनिव्हर्सिटीच्या बँडचा मोठा मास्तर झालाय. परवा कार्यक्रमाला नेलं. पोरं जीव तोडून फुंकत होती आणि हा नुसती काडी हलवत होता, तीही लोकांकडे पाठ करून. तरी टाळ्या ह्यालाच!

घरीही मला पाठच दिसते. सकाळी जातो, रात्री येतो. बाराव्या मजल्यावर मी आणि भिंती. गावी जाते म्हटलं की "आई, पुढच्या कार्यक्रमानंतर बघू." पासपोर्ट त्याच्याच कपाटात.

लग्नांत वाजवायला क्लॅरिनेट त्याच्या हाती तूच दिलंस. मामाचं तो ऐकतो. फोन कर, चांगला दरडाव.

तुझा गुडघा कसा आहे? बरा असला तरी उठवत नाही म्हणून त्याला सांग.

पिशवी भरून बसलेली,
ताई