पाण्याच्या रकान्यातलं शून्य

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. ओरोसच्या ऑफिसातून देवबागला फोन लावला की तू "बोल गो बाय" म्हणायचास आणि दोन मिनिटांत सगळं बोलून व्हायचं. आता फोन लावून उपयोग नाही, म्हणून लिहिते आहे. आणि आजच लिहायचं कारण असं, की गेल्या मंगळवारी माझ्या टेबलावरच्या तक्त्यात तुझ्या घराचा नंबर निघाला.

थोडं कामाचं सांगते, लगेच जांभई देऊ नकोस! आमच्या सांख्यिकी कार्यालयात कुठल्या गावात काय पिकलं, काय विकलं गेलं, कुणी किती मिळवलं याची बेरीज होते. अशा बेरजांतूनच पुढे देशाचं उत्पन्न काढतात. पाण्याचे कागद मात्र दुसऱ्या खात्याच्या कपाटात. दोघांची कधी गाठच पडली नाही. आता वरून सांगणं आलंय की दोन्ही शेजारी शेजारी मांडा. या घराने एवढं कमावलं, त्यासाठी जमिनीतून एवढं पाणी उपसलं, एवढं घाण करून परत जमिनीत सोडलं. आधी किनाऱ्यावरची तीन गावं करून बघायची आहेत. त्यांतलं एक आपलं.

डावीकडे तुझं घर आलं. पर्यटक निवास, चार खोल्या, उत्पन्न चांगलं. त्यापुढे पाण्याचा रकाना. तिथे शून्य. आणि अक्षर माझं!

आठवतंय ना? तू खोल्या सुरू केल्यास त्याच्या दुसऱ्या वर्षी मीच पाहणीला आले होते. तू पडवीत नारळ सोलत होतास, मी फॉर्म भरत होते. प्रश्न होता, पाण्यावर वर्षाला खर्च किती? तू मान वर न करता म्हणालास, "लिव शून्य. बावीन कधी बिल धाडल्यान काय गो?" विहीर कुठे बिल पाठवते! मी हसले आणि लिहिलं शून्य. सांडपाणी कुठे जातं, तर 'शोषखड्डा, घराच्या मागे'. झालं काम. वर तू मला शहाळं फोडून दिलंस.

नियमाने माझं काही चुकलं नव्हतं. पैसे गेले नाहीत, म्हणजे खर्च नाही. पण तुझे पाहुणे समुद्रातून अंगभर मीठ घेऊन यायचे आणि दिवसातून दोनदा आंघोळ करायचे. ते पाणी येत कुठून होतं आणि जात कुठे होतं, हे बहिणीने नाही तर कुणी विचारायचं? मी विचारलं नाही. मला तुझं शहाळं गोड लागलं.

तक्त्याच्या उजव्या बाजूला पाणी तपासणी आहे. तुझ्या घराच्या ओळीला लागून जी विहीर आली, तिच्यापुढे शिक्का आहे, 'पिण्यास अयोग्य'. कारण सांडपाणी मिसळल्याचं. विहीर इजाबेल मावशीची.

आपल्या कुंपणापलीकडची इजाबेल मावशी रे! आपल्या विहिरीचं पाणी पहिल्यापासून मचूळ. त्यात डाळ कधी शिजली नाही. आई रोज सकाळी मावशीच्या विहिरीवरून दोन कळशा आणायची. गणपतीचा नैवेद्यही त्याच पाण्यात शिजायचा आणि देवाने कधी तक्रार केली नाही. नाताळात मावशीच्या नेवऱ्यांचा डबा यायचा, तो आई भरून परत करायची. तू एकदा तिची तांब्याची कळशी तिच्याच विहिरीत पाडलीस आणि आईच्या माराला घाबरून तिच्याच माजघरात लपलास. तिने तुला दुपारपर्यंत लपवलं, वर जेवायला घातलं.

ती विहीर वापरायची बंद झाली त्याला दोन वर्षं झाली. गावात सगळे म्हणत, जमिनीचाच काही दोष असेल. मीही मान हलवली. शनिवारी गेले आणि पहिल्यांदा तुझ्या खड्ड्यापासून तिच्या विहिरीपर्यंत चालत पावलं मोजली. एकवीस. मधे सगळी वाळू. दादा, आपण वाळूत वाढलेली माणसं. बालदी ओतली की पाणी कसं नाहीसं होतं ते तुला कुणी शिकवायला हवं होतं का? नाहीसं झालेलं पाणी कुठेतरी जातंच ना!

आणि माझी बेरीज ऐक. तुझ्या खोल्यांचं भाडं मी जिल्ह्याच्या उत्पन्नात धरलं. विहीर नासल्यावर मावशी पाण्याचे जार विकत घेऊ लागली, तर त्या जारवाल्याची कमाईही धरली. म्हणजे तिची विहीर गेली आणि माझ्या कागदावर गाव श्रीमंत झालं! विहीर वजा करायला जागाच नव्हती. इतकी वर्षं या बेरजांखाली मी सही करते आहे. मला स्वतःची लाज वाटली.

त्याच पावली मावशीकडे गेले. ती उंबऱ्यावर बसून कोकमं निवडत होती. ऑफिसातले लोक बोलतात तसं मी सुरू केलं, "तुमच्या विहिरीसंदर्भात एक माहिती..." तिने मला मधेच थांबवलं.

"माका ठाऊक आसा गो. दोन वर्सां ठाऊक आसा."

"मग दादाला बोलली नाहीस?"

"बोललंय तर! तो थंयच खाली बसलो. म्हनालो, मावशे, मे महिनो जावंदे, जूनात खड्डो हलवतंय. पयल्या वर्सा म्हनालो, दुसऱ्या वर्साय म्हनालो."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"आता काय करू? पंचायतीत जावन त्याच्या खोल्यो बंद करू? माझ्या मांडयेर वाढललो तो." कोकमं बाजूला सारून म्हणाली, "जून इलो आणि तोच गेलो. मरणाक खंय मे-जून कळता, बाय?"

म्हणजे तुला माहीत होतं! मला हे लागलं, दादा. तू लबाड नव्हतास, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. पण सिझन संपू दे, सिझन संपू दे करत तू दोन मे महिने काढलेस आणि ती बाई जार उचलत राहिली. सत्तरीची बाई! मला एकदा तरी सांगायचंस. मी ओरडले असते, तू चिडला असतास, आणि खड्डा हलला असता.

निघताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या सकाळी पावसाआधी तू पडवीला माडाची झापं बांधत होतास आणि शिडीवरून उतरून मटकन खाली बसलास. मी ओरोसहून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वहिनीने हाक मारली तशी पहिली धावत आली ती मावशी. तू पाणी मागितलंस. तुझी विहीर मचूळ, तिची नासलेली. तिने घरी पळत जाऊन पेला भरून आणला. दादा, तुझ्या तोंडात शेवटचं पाणी गेलं ते तिने विकत घेतलेल्या जारमधलं.

मी तिच्या उंबऱ्यावर बसून रडले. तुझ्यासाठी रडले, आणि त्या शून्यासाठीही.

संध्याकाळी वहिनीपुढे सगळं मांडलं. मागच्या दोन खोल्यांचं पाणी त्या खड्ड्यात जातं, त्या बंद करून सांडपाण्याची पक्की टाकी बांधायला हवी आणि ती उपसायला गाडी बोलवायला हवी. वहिनी उसळली. तिचं चूक नाही, घर आता तिच्या एकटीवर आहे. "मे तोंडार इलो. दोन खोल्यो बंद केलंय तर पोरांच्या फीचा काय? तुमका पगार आसा, तुम्ही सांगतल्यात!" पगाराचं खरं होतं. मग मी तिला विचारलं, त्या दिवशी मावशीने पेला कुठून आणला हे तुला माहीत आहे का? तिला माहीत नव्हतं. ती उठून तुझ्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली. सकाळी चहा ठेवायच्या आधी तिने मागच्या दोन्ही खोल्यांना कुलपं लावली आणि चाव्या माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाली, "टाकी झाल्याशिवाय माका परत दिव नकात." टाकीचा निम्मा भार मी उचलते आहे. माझ्या शून्याचाही त्यात वाटा होताच.

मग आम्ही दोघींनी बसून फॉर्म नव्याने भरला. पंप किती वेळ चालतो, वरची टाकी दिवसातून किती वेळा भरते, चादरी किती धुतल्या जातात. वहिनीला सगळं तोंडपाठ होतं, मी कधी विचारलंच नव्हतं. सोमवारी साहेब कागद बघून म्हणाले, "अहो, सुरुवात स्वतःच्याच घरापासून कशाला?" मी म्हटलं, तिथला खड्डा कुठे आहे ते मला माहीत आहे म्हणून. त्यांनी सही केली. आता तुझ्या ओळीत तुझं उत्पन्न आहे, उपसलेलं पाणी आहे आणि सोडलेली घाणही आहे. ते वाचून तू रागावला असतास का रे? थोडा रागावला असतास, मग शहाळं फोडलं असतंस.

येत्या जूनमध्ये तुझं वर्षश्राद्ध. पानाशेजारी भांड्यात पाणी ठेवायचं, ते कुठलं ठेवू? जारचं ठेवणार नाही, हे मी ठरवलंय. एकदा तुला ते पाजलं, तेवढं पुरे. टाकी होईल, जुना खड्डा बुजेल, मावशीची विहीर उपसून धुऊन घेऊ, आणि दर दोन महिन्यांनी पाणी तपासायला मी स्वतः नेईन. किती दिवस लागतील ते सांगत नाही, कारण मला माहीत नाही आणि यापुढे मी अंदाजाने काही लिहिणार नाही. ज्या दिवशी कागदावर 'योग्य' येईल, त्या दिवशी पहिली कळशी मावशी ओढेल आणि पहिला पेला तुझ्या नावाने मी ठेवीन, हा शब्द देते.

यंदा तुझं भांडं रिकामं राहील. तोवर जरा तहान सोस, दादा.

तुझीच,
बाय