खिडकीतल्या नकाशावर अकरा आक्षेप

प्रिय शालकमहाशय,

आशीर्वाद. गुडघ्याला उतार असेल, खोकला आता सकाळपुरताच उरला असेल आणि डॉक्टरांनी नेमून दिलेले फिरणे तुम्ही निदान फाटकापर्यंत तरी नेत असाल, अशी आशा करतो. तुमच्या भगिनी कुशल आहेत. मी कुशल नाही, आणि ते का, हे सांगण्यासाठी आज नित्यपाठ अर्ध्यावर ठेवून लेखणी उचलली आहे. (वयाच्या शहात्तराव्या वर्षी मी पाठ अर्ध्यावर ठेवला, एवढ्यावरूनच प्रसंग ओळखावा.)

गेल्या महिन्यात तुम्ही कळवलेत की नव्या अभ्यासक्रमात जुने पाठ गळणार आहेत. पाचवीच्या पुस्तकात सव्वीस वर्षे असलेला तुमचा पाठ तेवढा राहावा, कारण तुमच्यामागे उरण्यासारखे दुसरे काही नाही. आणि पाठ ठरवणाऱ्या समितीवर एका सदस्याची निवड व्हायची आहे, तर मी उभे राहावे. ते वाचून माझे डोळे पाणावले. तुमच्या भगिनींना म्हणालो, हा पाठ राखणे माझे कर्तव्य आहे. त्या म्हणाल्या, "राखा की. पण आधी वाचा तरी." मी ते कानाआड केले. (हितवचन कसे ऐकावे यावर मी आयुष्यभर प्रवचने दिली, घरात बोललेले एकही हितवचन मला वेळेवर ऐकू आलेले नाही.)

निवडीची रीत अशी, की प्रथम अर्ज संगणकावर भरायचा. तो भरून देणाऱ्या दुकानातल्या मुलीने माझे शिक्षण विचारले. मी एकेचाळीस वर्षांचे शास्त्राध्ययन क्रमवार सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आजोबा, याला यादीत जागाच नाहीये. छंदात टाकू?" तेव्हा एकेचाळीस वर्षे छंदात गेली, 'बागकाम' आणि 'इतर' यांच्या मधोमध.

नंतर परीक्षेचा दिवस. एका जागेसाठी आम्ही नऊ जण, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, छातीला आकड्यांची चिठ्ठी टाचून. माझा आकडा सात. शेजारच्या निवृत्त तपासनिसांनी आपुलकीने विचारले, "कुणाला सोडायला आलात का?" पंखा फिरत होता, वारा मात्र कोणालाच लागत नव्हता. मग प्रत्येकाला एक लिफाफा देण्यात आला. आत सध्याच्या कोणत्यातरी पुस्तकातला एक पाठ, लेखकाचे नाव आणि शीर्षक काळ्या शाईने झाकलेले. पाऊण तासात तो ठेवावा की वगळावा हे सकारण लिहायचे होते.

माझ्या लिफाफ्यातला पाठ असा होता. एक मुलगी आपल्या घराचा नकाशा काढते, त्यात जिना, माळा, मांजराची निजायची जागासुद्धा. आणि तो आजोबांना दाखवायला नेते. आजोबा पोथीतून मान वर न करता म्हणतात, "ठेव तिथे." ती खिडकीत ठेवते. महिने जातात, उन्हाने रेघा विटतात. शेवटी एके दिवशी आजोबांना आठवण होते, ती कागद आणून देते, तो पांढराफटक झालेला असतो, आणि आजोबा चष्मा न लावताच म्हणतात, "वा, फार सुबक."

शालकमहाशय, माझ्या अंगात संचार झाला. मी अकरा आक्षेप लिहिले. तिसऱ्यात म्हटले, की लेखक खिडकी उत्तरेची सांगतो आणि तिच्यातून दुपारचे ऊन आणतो. अशा लेखकाला दिशाज्ञान शिकवण्याची गरज आहे. नववा सर्वांत जहाल होता: 'आजोबा हे पात्र सर्वस्वी अस्वाभाविक आहे. न पाहता स्तुती करणारा विद्वान भूतलावर असू शकत नाही. अशा खोट्या चित्रणाने मुलांच्या मनात व्यासंगी वृद्धांविषयी अनादर उत्पन्न होईल. पाठ तत्काळ वगळावा.' खाली दोन रेघा ओढल्या. तपासनीस अजून पहिल्याच परिच्छेदात होते.

मुलाखतीत अध्यक्षबाईंनी (पूर्वी भूमिती शिकवीत असाव्यात, कारण बोलताना हाताने कोन करतात) माझा नववा आक्षेप मोठ्याने वाचला. म्हणाल्या, "इतकं निर्भीड मत बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं." तुमचा विषय मी मुद्दामच काढला नाही, एकदा आत शिरू, मग पाहू, असा बेत होता. (हे मुत्सद्दीपण मला शोभत नाही, आणि ते मला मानवलेही नाही.) आठ दिवसांत निवडीचे पत्र आले. ते मी देवापुढे ठेवले. आता वाटते, तिथे ठेवण्यापूर्वी त्याला विचारायला हवे होते.

पहिल्या बैठकीचे कागद काल हाती आले. पहिलेच पान: 'वगळावयाचे पाठ. क्रमांक एक: खिडकीतला नकाशा.' पुढे लेखक म्हणून तुमचे पूर्ण नाव, शिफारस करणारा म्हणून माझे, आणि खाली अकराही आक्षेप, सुबक छापलेले.

कबूल करतो. तुमचा पाठ मी कधी वाचलाच नव्हता. पुस्तक निघाले तेव्हा तुम्ही मला प्रत दिलीत, मी ती कपाळाला लावून कपाटात ठेवली. तेव्हापासून प्रत्येक भेटीत 'भाषा फार प्रसन्न आहे' एवढेच म्हणत आलो, कारण भाषा सर्वच पाठांत असते. तुम्ही दर वेळी थोडे हसायचात. तो विनय असावा अशी माझी समजूत होती.

कागद घेऊन मी तुमच्या भगिनींकडे गेलो. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अहो, तो म्हातारा तुम्हीच. घरात सगळ्यांना ठाऊक आहे." मी विचारले, मग मला कोणी सांगितले का नाही? "मी सांगायला आले होते. पुस्तक उघडून, पानावर बोट ठेवून आणलं होतं. तुम्ही म्हणालात, ठेव तिथे."

मग मला चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचे आठवले. एकोणीस वर्षांचे तुम्ही आमच्या मागच्या खोलीत राहायला आला होतात. हातात काही पाने होती, तुमची पहिली गोष्ट. मी म्हणालो होतो, पाठ संपला की पाहतो. तो पाठ अजून संपलेला नाही.

याहून अधिक लिहिण्याचा अधिकार मला नाही.

तुमचा अपराधी,
भावोजी

ता. क. वगळलेल्या पाठाच्या लेखकाला पंधरा दिवसांत हरकत घेता येते, आणि तिला उत्तर शिफारस करणाऱ्या सदस्यानेच द्यायचे असते. सोबत हरकतीचा मसुदा माझ्याच अक्षरात जोडला आहे. उतरवून, सही करून ताबडतोब पाठवावा. नऊ आक्षेप मी खोडून काढले आहेत. नवव्यासाठी भर सभेत उभा राहून सांगेन, की न पाहता स्तुती करणारा मनुष्य असतो आणि तो पुराव्यासह आपल्यापुढे हजर आहे. त्यानंतर मला समितीवर ठेवतील असे वाटत नाही. पाठ राहिला तर पुरे.

ता. क. दुसरे. तिसरा आक्षेप मात्र मला खोडता आला नाही. कृपा करून खिडकी पश्चिमेची करावी.

ता. क. तिसरे. तुमची ती जुनी पाने आज दिवसभर शोधली. फळीवर पोथ्यांच्या खाली अंथरलेली सापडली. सातांपैकी चारच, बाकीची वाळवीने नेली. चष्मा लावून दोनदा वाचली. चौथ्या पानाच्या शेवटी तो माणूस दाराची कडी वाजवतो आणि आतून कोणी ओ देत नाही. पुढे काय झाले, ते उलट टपाली कळवावे. मी वाट पाहत आहे.