आंब्याच्या खोलीतला आवाज

१४ एप्रिल २००५
पुण्याच्या कॅसेटवाल्या साहेबांचा फोन. अख्खी कादंबरी वाचून हवी आहे. आधी घरून नमुना पाठवा म्हणाले, "पण स्टुडिओत केल्यासारखा यायला हवा." आवाज माझा चांगलाच आहे, त्यात शंका नाही. राहिला स्टुडिओ. तो करू.

१६ एप्रिल
माजघरात नमुन्याचा उतारा वाचला. ऐकताना वाटलं, विहिरीत उतरून बोलतेय. मागे पंखा, शेजारचा मिक्सर, वर कावळा. फ, भ आले की फुस्स. माइकला ह्यांचा मोजा चढवला (धुतलेला). फुस्स गेलं, विहीर तशीच.

१९ एप्रिल
सापडलं!! पिकत घातलेले आंबे वरखाली करायला आंब्याच्या खोलीत गेले होते. आंब्यांखाली पेंढा, वर पेंढा, भिंतींना पेंढ्यांच्या थप्प्या. तोच उतारा पुटपुटत होते नि थबकले. आवाज अगदी कानाशी. टेप आत नेला, सेल घालून. दुपारी लाइट गेली की पंप, टीव्ही सगळं गप्प. गाव लोडशेडिंगला शिव्या घालतं, मी वाट बघते.
दारातून सासरे, अप्पा, "काय गो, आंब्यांस वाचून दाखवत्येस? लौकर पिकतील काय?"
टोमणा मारल्याशिवाय अप्पांना दुपारची झोप लागत नाही.

२ मे
नमुना पसंत! साहेब, "स्टुडिओ कुठला घेतलात?" मी, "घरचाच." यात खोटं काय? अट एकच, शेवटपर्यंत आवाज नमुन्यासारखा. मध्येच खोली बदलल्यासारखं वाटलं तर सगळं परत पाठवणार. आणि पावसाच्या आत उरकायचं. कौलं वाजायला लागली की आटोपलंच.

९ मे
आंबे टेम्पोत चढले. त्याचं काही नाही, पण अप्पा पेंढा गोठ्यात काढायला निघाले. कपिला गायीला पावसापर्यंत तोच चारा.
"अप्पा, माझी कादंबरी अर्धी राहिलीय."
"मग गायीनं काय तुझी कादंबरी खायची?"
रडूच आलं मला, रागानं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा काहीतरी माझं एकटीचं हाती आलंय. शेवटी तह. पेंढा खोलीतच राहील, अप्पा रोजच्यापुरता तिथून नेतील.

१५ मे
गाय माझा स्टुडिओ खातेय. खिडकीकडची भिंत उघडी पडली. गोधड्या टांगल्या. चालतंय. रोज आधीपेक्षा जास्त पानं वाचतेय. कपिला जिंकते की मी, बघू.

२० मे
थप्पी कमी होईना. तरी म्हटलं... अप्पा रोज फणस फोडतायत. सालं-चारखंडं गायीला, गरे आम्हाला. सकाळी गरे, दुपारी गरे, संध्याकाळी सांदणं. ह्यांना आता फणस बघवत नाही. अप्पांना विचारलं तर, "झाडावर फुकट जातायत." बरं.

२४ मे
आज कळलं पेंढा का उरतोय. वाचन संपवून दार उघडलं तर अप्पा बाहेर जमिनीवर, भिंतीला टेकून. झोप सोडून!
"मग तुझ्या कादंबरीतली ती पोर येते काय गो परत घरी?"
"शेवटचं प्रकरण उद्या. ऐका बाहेरून."
"बाहेर धड ऐकू येत नाही. तुझ्या पेंढ्यानं सगळा आवाज खाल्लान."
उद्या आत बसा म्हटलं. खोकायचं मात्र नाही.

२५ मे
अप्पा आत, पेंढ्यावर. उपरण्याचा बोळा तोंडाशी. आजच्यासारखं मी कधीच वाचलं नव्हतं. शेवटचं वाक्य संपलं, आणि मी बटण दाबायच्या आत अप्पा हळूच, "आली गो पोर."
टेपवर आलंय. स्वच्छ.
तेवढं पान दुसऱ्या कॅसेटवर पुन्हा वाचलं. चोख झालं, अगदी नमुन्यासारखं. पण पहिल्यासारखं नाही, ते मला कळतं.
हे म्हणाले, दुसरी पाठव. अप्पा उठून पेंढा गोठ्यात न्यायला लागले.
खोली रिकामी झाली. पार्सलचं तोंड अजून शिवलेलं नाही. दोन्ही कॅसेट समोर आहेत.