सरकारच्या कुत्र्याचा मालक कोण

बा, सरकारचा कुत्रा चावला तर जबाबदार कोण, हे सांगायला एक माणूस तयार नाही. फौजदार म्हणतो कुत्रा मुंबईचा, कुत्र्याचा शिपाई म्हणतो हुकूम फौजदाराचा, आणि अलिबागचा वकील म्हणतो, "बाई, कुत्रा कामावर होता." कामावर! मग मी काय वाळूत लोळत होते?

तू गेल्याला वीस पावसाळे झाले, म्हणून नीट सांगते. थळच्या किनाऱ्यावर चोरटा माल उतरला म्हणे, तो हुडकायला पोलीस जीपमधून कुत्रा घेऊन आले. ऊन चढलेलं, मी खळ्यात वलांडीच्या दोरांवर बोंबील वाळत घालतेय. कुत्रा हुंगत हुंगत आत शिरतो. साखळी वाळूत फरफटतेय, शिपाई मागं विडी पेटवतोय. आपल्या खळ्यात कुत्रा आला की एक बोंबील लांब फेकायचा, तो घेऊन जातो, बाकीचा माल वाचतो. मीही फेकला. हा परक्या हातचं न खायला शिकवलेला, हे मला कोण सांगणार! त्यानं माशाकडं बघितलंसुद्धा नाही. माझा हातच धरला. अजून खरं वाटत नाही, बा. पोटात चौदा सुया घेतल्या, पण उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. मासळी कापायची कशानं?

आपला कुत्रा शेजारच्या काकीला चावला तेव्हा तू पंच होतास. स्वतःच्या घरावर निकाल दिलास, जखम भरेपर्यंत काकीची पाटी माझी पोर उचलेल. मी दहा वर्षांची. महिनाभर मासळीचं पाणी मानेवरून गळायचं आणि मी तुला मनात शिव्या द्यायचे. तोच न्याय धरून मी फौजदाराला विचारलं, "माझी पाटी उचलायला तुमच्या घरचं कोण येतंय?" सगळी चौकी हसली. एक शिपाई म्हणाला, "मावशे, कुत्र्यालाच धाडू काय?"

मग फौजदारानं कागद पुढं सरकवला. दुसरीपर्यंतची माझी अक्षरं, एकेक लावून वाचलं. कुत्रा साखळीत होता, बाईनं मासा फेकून त्याला चिथावलं. सही केली तर प्रकरण मिटलं. नाही केली तर सरकारी कामात अडथळा आणला म्हणून खटला माझ्यावर. चावला तो, आरोपी मी! विचार करायला सोमवारपर्यंत वेळ दिलाय. वकील म्हणतो, सही केलीस तर दाव्याचं दार बंद. घरधनी म्हणतो, "कर सही. सरकारशी वाकडं परवडणार न्हाय आपल्याला."

मासा फेकला, हे खरंच आहे. साखळीचं खोटं आहे.

तुझ्याकडं टपाल जात नाही, एवढं मला कळतं. हा कागद ट्रंकेतच राहील. पण एक कबूल करते. पाटीचं बोलले तेव्हा माझा आवाज चौकीबाहेर ऐकू गेला, पण "साखळी सुटली होती" एवढं वाक्य काही तोंडातून निघालं नाही. भ्याले मी. सोमवारी ते बोलू, की सही करून घरी येऊ? रविवारी दिवेलागणीच्या आत मला उत्तर पाहिजे.